डोळ्यांतली चांदीची कड

हे मी देवनागरीत लिहितो आहे, म्हणजे तंजावरातल्या आमच्या माणसांपैकी वाचणारे चार-पाचच निघतील, आणि तेही चष्मा सापडेपर्यंत कंटाळतील. त्याच धीरावर लिहितो आहे. तोंडावर बोलायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसलो, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं मी कुणावर चिडलो तर 'तू स्वतः काय केलंस' असं कुणी विचारायला नको.

आमच्या घराण्यात काही जणांच्या बुबुळाच्या कडेनं एक करडं, धुरकट वर्तुळ असतं. त्याला आम्ही चांदीची कड म्हणायचो. मूल दोन-तीन वर्षांचं झालं की आत्या त्याला खिडकीशी न्यायची, हनुवटी वर करायची, डोळ्यांत बघायची आणि निकाल द्यायची, "हव, आपलंच आहे." कड असलेलं मूल म्हणजे अस्सल. माझ्या डोळ्यांत ती नाही. माझ्याहून अकरा वर्षांनी धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत मात्र ठसठशीत होती, आणि मी मिसरूड फुटलेला असूनही मला तिचा हेवा वाटला होता. पाहुणे आले की तिला मधे बसवून तिचे डोळे दाखवले जात. लग्न ठरवतानाही बायका आधी डोळे बघत, मग पत्रिका.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांच्या थोरल्या बहिणीची मुलगी म्हणजे माझी आई. म्हणजे आई-वडील मामा-भाची, आणि आत्या माझी आत्याही आणि आईची मावशीही. आमच्यात नातं सांगायला बसलं की एकच माणूस तीन खुर्च्यांवर बसतो. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे विचित्र वाटेल. मामाची मुलगी तिकडंही काही घरांत करतात, पण खुद्द मामाच नवरा म्हणजे कानावर हात ठेवतील. इथं तमिळ मुलखात मामाचा हक्क पहिला, आणि शेजाऱ्यांची ती रीत आम्ही फार मन लावून उचलली. त्यात आमची घरं मोजकी. बाहेरची सून आणली की वर्षभरात चुलीपाशी तमिळ सुरू होतं, पोरं मराठी समजतात पण बोलत नाहीत. म्हणून आत्याचं एकच पालुपद असायचं, "भाषा राखायची तर घरातच द्यावं, घरातच घ्यावं." भाषा राखली आम्ही. त्याची किंमत काय लागते ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सुचायला हवं होतं ते मला. मी ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. रोज सकाळी बसनं जायचं, अकरावी-बारावीच्या पोरांना एन्झाइम म्हणजे काय ते सांगायचं, फळ्यावर वंशावळीचे चौकोन आणि गोल काढायचे. नात्यातलं लग्न दाखवायला दोन समांतर रेघा ओढतात. उदाहरण म्हणून मी आमचंच घर काढायचो. दोन रेघा इथं, दोन रेघा तिथं. पोरं हसायची, मीही हसायचो, आणि सांगायचो की आमच्या घरात डोळ्यांची एक सुंदर खूण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, गालावरच्या खळीसारखी. एकतीस वर्षं! दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथं दिवा हातात धरून मी स्वतःच अंधार दाखवत होतो. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

कारण कड असलेली माणसं आमच्यात लवकर मरत. माझा धाकटा काका बेचाळिसाव्या वर्षी गेला. पाय सुजले, चेहरा पिवळट पडला, मग श्वास लागला. मोठी माणसं म्हणाली, कावेरीचं पाणी बाधलं. त्या साली कावेरीला पाणीच आलं नव्हतं, शेतांना भेगा पडल्या होत्या, तरी म्हणाली. आईची एक बहीण अशीच गेली, तेव्हा म्हणाली, देवाला चांगली माणसं आवडतात. देवाच्या माथी मारलं की प्रश्न मिटतो.

बहिणीचं तर सगळं लिहिलेलं होतं, कागदावर, शाईनं. बाळंतपणात तिच्या लघवीत प्रथिनं सापडली. डॉक्टर म्हणाले, गरोदरपणात होतं असं. मुलगी चालायला लागली तरी प्रथिनं जात होतीच, पण तपासलं कुणी? तिशीत चष्म्यासाठी गेली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती कड पाहिली आणि म्हातारपणी येते तशी आहे, लवकर आली, असं सांगितलं. तिशीत म्हातारपण! रक्त नेहमी कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या. आणि कोलेस्टेरॉलच्या तपासणीत चांगलं कोलेस्टेरॉल एक आकडी. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, चालत जा, सकाळी मोठ्या देवळाभोवती फेऱ्या मारा. सुजल्या पायांनी माझी बहीण दोन वर्षं फेऱ्या मारत राहिली. चार डॉक्टर, चार कागद, आणि चारही कागद एका टेबलावर ठेवायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. त्या कागदांची पिशवी प्रत्येक वेळी माझ्याच हातात असायची, तेव्हा शहाण्यांच्या यादीतून मलाही वगळा.

मूत्रपिंडं जवळजवळ संपल्यावर तिरुच्चीला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. वय माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढं. त्यांनी पिशवीतले सगळे कागद टेबलावर पसरले, मग उठून खिडकीचा पडदा सारला आणि बहिणीला म्हणाल्या, "चष्मा काढा." आत्या बघायची तसंच त्यांनी हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं. मग खुर्चीत बसून विचारलं, "तुमच्या आई-वडिलांचं लग्नाआधी काही नातं होतं?"

"हव!" बहीण खुलली. तमिळमधून सुरू झालेलं बोलणं ती कौतुकानं मराठीत घेऊन गेली, मग भानावर येऊन पुन्हा तमिळमध्ये म्हणाली, "अप्पा अम्माचे सख्खे मामाच."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. मला त्याच क्षणी कळलं. फळ्यावरच्या त्या दोन रेघा डोळ्यांपुढं आल्या.

एन्झाइमचं नाव लेसिथिन-कोलेस्टेरॉल असाइलट्रान्सफरेज. एवढं लांब नाव ऐकून घाबरायचं कारण नाही, काम साधं आहे. लेसिथिन हा रक्तात नेहमी असणारा एक स्निग्ध पदार्थ. हे एन्झाइम त्याचा एक तुकडा तोडून कोलेस्टेरॉलला जोडतं. तसं झालं की कोलेस्टेरॉल नीट बांधलं जातं आणि यकृताकडं जायला निघतं. मळणीनंतर भात पोत्यात भरणारा माणूस असतो ना, तसं. तो माणूसच कामावर नसेल तर भात अंगणात, ओट्यावर, वाटेत, सगळीकडं पडून राहतो. बहिणीच्या शरीरात तो माणूस जन्मापासून आलाच नाही. न बांधलेली चरबी डोळ्यांत साचली, तांबड्या पेशींत शिरली, मूत्रपिंडांत जाऊन बसली. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच असं होतं. एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट जगतो आणि पुढं देऊन जातो. डोळ्यांत जे आम्ही मिरवलं ती साचलेली चरबी होती. पत्रिकेआधी बायका बघायच्या तो आजार होता.

घरी येऊन हे मी समजावून सांगितलं. तासभर सांगितलं, कागदावर चित्र काढून. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात एकच शब्द राहिला, लेसिथिन. महिनाभरानं बहिणीकडं गेलो तर तिच्या देवाशेजारी सोया लेसिथिनच्या कॅप्सूलचा डबा. आत्याच्या सुनेनं पाठवलेला. रोज तीन घेत होती, जेवणाआधी, श्रद्धेनं. अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं असं कुणीतरी सांगितलं, पण आम्ही अंडं खात नाही, म्हणून हा सोवळा मार्ग. रोग रेड्याला, औषध पखालीला!

"पोतं भरणारा माणूस नाही म्हणून सांगितलं होतं ना? आणि तुम्ही अंगणात आणखी भात ओतताय!" मी ओरडलो आणि तो डबा उचलून मोरीत रिकामा केला. बहीण रडली. तिचा काय दोष होता? तिचा नवरा पाटबंधारे खात्यातला, कुंभकोणमकडच्या लांबच्या घरातला, सरळ माणूस. तोही खाली मान घालून उभा राहिला. मला माझ्या आवाजाची लाज वाटली, पण राग काही उतरला नाही. खरं तर तो त्या दोघांवर नव्हताच.

डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन दिवस. तिचा नवरा कामावर, माझी निवृत्ती झालेली, म्हणून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडं. ठरलेला रिक्षावाला, ठरलेली वेळ. आणि त्या रिक्षात तिच्या बोलण्याला एकच विषय: तिची मुलगी आणि माझा मुलगा.

हे लग्न भाचीच्या बारशालाच ठरलं होतं. भाचीला पाळण्यात घालायच्या आधी बहिणीनं माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली होती आणि म्हणाली होती, "ही तुमची." पोरं त्याच समजुतीत वाढली. माझा मुलगा चेन्नईत नोकरीला, भाची इथंच एका कॉलेजात संगणक शिकवते. प्रेम म्हणावं असं काही नाटक नव्हतं, पण एकमेकांची सवय होती, माया होती. फोनवर रोज बोलत. बहिणीला मरायच्या आधी ते लग्न बघायचं होतं. ती उघड म्हणायची, "मजला दुसरं काय हवं आहे, अण्णा? ती तुज घरी पडली की मी सुखानं जाईन."

मी हो ला हो करत होतो. पण आजारी आईच्या मुलीत ते जनुक असणारच, एवढं तर बारावीच्या पोरालाही कळतं. आता प्रश्न माझ्या मुलाचा होता. मी मुलाला फोन केला. त्यानं निमूटपणे रक्त दिलं. माझंही घेतलं. दोघांतही निघालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लग्नाला बंदी नाही, पण प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता आहे, आणि गर्भ राहिल्यावर तपासता येतं. मुलगा आणि भाची दोन आठवडे आपसात बोलली. मग एका रविवारी भाची आमच्याकडं आली, भाजी निवडत बसलेल्या माझ्या बायकोशेजारी बसली आणि मला म्हणाली, "मामा, आम्ही नको म्हणून ठरवलं. अम्माचे हाल रोज बघून मज हिंमत होत नाही." मग म्हणाली, "अम्माला तुम्ही सांगा. मज होणार नाही." तिनं शेंगा मोडायला घेतल्या आणि एकही नीट मोडली नाही.

मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, बहिणीच्या घरी, तिची कॉफी पिऊन झाल्यावर. कितीही वेळ घेतला असता तरी वाक्य तेच राहणार होतं.

"तुज लेकाला माझी लेक नको, असं सांग ना सरळ. आजारी आईची पोर कुणाला हवी? मध्ये एन्झाइम कशाला आणतोस?"

"पोरांनीच ठरवलंय."

"पोरांना शिकविलं कोण? तूच. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकविलास, आता घरच्यांना शिकविलास." मग ती म्हणाली, "मी काय पाप केलं, अण्णा?" आणि त्यानंतर माझ्याशी बोलायची बंद झाली.

चार महिने. रिक्षा तीच, वार तेच, फेऱ्या तेवढ्याच. ती शेजारी बसायची आणि तोंड रस्त्याकडं. रिक्षावाल्याशी मात्र तमिळमधून भरपूर बोलायची. "साहेबांना म्हणावं, औषधाची चिठ्ठी घरी राहिली." साहेब एक वीत अंतरावर. बिचारा रिक्षावाला आरशातून माझ्याकडं बघून निरोप द्यायचा, मी त्याच्यामार्फत उत्तर द्यायचो. तिसऱ्या आठवड्यात त्यालाही सवय झाली.

मधल्या काळात आत्यानं मला बोलावून घेतलं. तिला सगळं कळलं होतं. ब्याऐंशीव्या वर्षी कान तिखट आहेत तिचे. म्हणाली, "हा तुझ्या बहिणीचा आजार. घराण्याचा नव्हे. बाहेर एक शब्द काढू नको. आपल्या पोरींना मग कोण करून घेईल?"

"आत्या, हा घराण्याचाच आहे. काका कशानं गेला?"

"काकाला पाणी बाधलं."

वादच संपला. पण खरी गोष्ट पुढं आहे. आत्याच्या नातीचं, म्हणजे लेकाच्या लेकीचं, तिच्या मामाच्या मुलाशी ठरत होतं. सूनही आमच्याच नात्यातली, आणि आत्या त्याच खुशीत होती. मला ते ठाऊक झालं आणि मी गप्प बसलो. बहीण आधीच तोंड फिरवून बसलेली, आता आत्याचं घरही तुटेल, लोक म्हणतील, स्वतःच्या घरचं लग्न मोडलं म्हणून दुसऱ्यांची मोडतोय. अशी कारणं मला भराभर सुचत गेली. भित्र्या माणसाला कारणांची कमी पडत नाही. फळ्यावर खडूनं धीट असणारा मी, घरात शेपूट घालून बसलो होतो. माझा मला जो संताप येतो तो याचा.

ठरवण्याच्या दिवशी सकाळी आत्याकडं दोन्हीकडची माणसं जमली. केळीच्या पानांचा, मल्लीपूंच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, गजऱ्यांचा वास. बहिणीचा डायलिसिसचा दिवस नव्हता, ती हट्टानं आली. आत्यानं तिला बोलावलं, "ये, नातीला कुंकू लाव. तू थोरली सवाष्ण." बहीण उठली. पोलक्याची बाही मनगटापर्यंत होती, ती तिनं वर सारली. डायलिसिससाठी तिच्या हातातली शीर आणि धमनी जोडलेली आहे, तिथं फुगलेली दोरी दिसते. तिनं कुंकवाची वाटी बाजूला ठेवली आणि नातीचा हात धरून त्या दोरीवर ठेवला.

पोर दचकली. तिथं रक्त इतक्या जोरानं वाहतं की हाताला सतत थरथर लागते.

"कळतंय?" बहिणीनं विचारलं. मग तमिळमध्ये बोलायला लागली. आमची हल्लीची पोरं मराठी समजतात, पण अर्धवट. तिला अर्धवट नको होतं. म्हणाली, आठवड्यातून तीनदा इथं दोन सुया घालतात, चार चार तास. हे मला माझ्या आई-बापाकडून आलं. तुझ्यातही असेल, त्याच्यातही असेल. आधी दोघांचं रक्त तपासा. कुठं तपासायचं ते माझ्या भावाला ठाऊक आहे. नंतर लग्न करा, मोडा, तुमची मर्जी. पण मला हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते आहे.

आत्या किंचाळली, "मंगल वेळेला काय बोलतीस?"

"मंगल वेळेलाच बोलते. नंतर बोलून काय उपयोग?"

मुलाकडची माणसं उठली. आत्यानं बहिणीला पुन्हा या उंबऱ्यात येऊ नको म्हणून सांगितलं. नात मात्र हात मागं न घेता तशीच उभी होती. मी भिंतीला टेकून बघत होतो. जे वाक्य बोलायला मला इतके दिवस जमलं नाही, ते ती उभ्या उभ्या बोलली. मला अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो नुसता राग, आत्यावर, त्या गजऱ्यांवर, भिंतीला चिकटलेल्या माझ्या पाठीवर.

परतताना रिक्षात मी तिला सरळ विचारलं. रिक्षावाल्याची मध्यस्थी नको होती. "माझंच सगळं म्हणणं तिथं सांगिटलीस. मग मजशी कां बोलत नाहीस?"

तिनं मान वळवून चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"तू खरं सांगिटलास म्हणून," ती म्हणाली. "आत्याच्या नातीचं आयुष्य पुढं आहे, तिला खरं सांगायलाच हवं. मी किती दिवस आहे, अण्णा? मजला खोटं सांगायचं होतंस. लग्न होणार, म्हणून सांगायचं. मी वाट बघत गेले असते."

रेल्वे फाटक बंद होतं. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. ती पुन्हा रस्त्याकडं तोंड करून बसली.